हात कुठे आहे, हे न विचारणारा लॅपटॉप

मे २०१२ मध्ये अमेरिकेत, टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात एक परिषद भरली होती. माणूस आणि संगणक एकमेकांशी कसे वागतात याचा अभ्यास करणाऱ्यांची ही वार्षिक जत्राच. तिच्या CHI या लघुनावाचा उच्चार 'काय' असा करतात, त्यामुळे 'कुठल्या परिषदेला निघालात?' या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं तरी मराठी घरात भांडण व्हायचं. त्या परिषदेत मायक्रोसॉफ्ट रिसर्च आणि युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन इथल्या सिधांत गुप्ता, डॅन मॉरिस, श्वेतक पटेल आणि डेस्नी टॅन या चौघांनी चार पानांचा एक शोधनिबंध मांडला. त्यातल्या प्रणालीचं नाव होतं साउंडवेव्ह.

दिसायला गंमत साधी होती. समोर नेहमीचा लॅपटॉप. त्याला जास्तीचं काही जोडलेलं नाही, हातात मोजा नाही, कॅमेरा वापरलेला नाही. हवेत हात पुढे-मागे केला की पडद्यावरचा मजकूर सरकतो. हवेतच टिचकी मारल्यासारखं केलं की क्लिक होतं. दोन हात तराजूच्या पारड्यांसारखे उलटसुलट हलवले की तेही कळतं. माणूस खुर्चीतून उठून निघून गेला की यंत्र झोपतं आणि परत येताना दिसला, चुकलो, परत येताना ऐकू आला, की जागं होतं. प्रात्यक्षिकात हातवाऱ्यांवर टेट्रिस हा ठोकळे रचायचा खेळही खेळून दाखवला होता. हे सगळं लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरवर आणि स्वतःच्या मायक्रोफोनवर.

बारा वर्षं उलटून गेली तरी हे प्रकरण उघडून बघण्यासारखं वाटतं, कारण त्यात यश आणि अपयश दोन्ही एकाच निर्णयातून आलेलं स्पष्ट दिसतं. तो निर्णय म्हणजे, हात कुठे आहे हा प्रश्नच विचारायचा नाही.

त्या वेळचा बाजार

नोव्हेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचं किनेक्ट हे अंगाच्या हालचाली टिपणारं कॅमेऱ्याचं यंत्र बाजारात आलं होतं आणि पहिल्या साठ दिवसांत ८० लाखांवर विकलं गेलं होतं. हवेत हात हलवून यंत्र चालवायचं, हे त्या काळात सगळ्यांच्या डोक्यात होतं. ऑस्टिनची परिषद झाली त्याच महिन्यात लीप मोशन या कंपनीनं आपलं छोटं यंत्र जाहीर केलं. किबोर्डपुढे ठेवायची एक डबी, आत अवरक्त प्रकाश आणि कॅमेरे, बोटांची टोकं टिपायचा दावा. २०१३ च्या जुलैत ती सुमारे ८० डॉलरला मिळू लागली.

या सगळ्यांची विचार करायची दिशा एकच होती. आधी हाताचं चित्र मिळवा, त्यातून हात कुठे आहे ते काढा, बोटं मोजा, मग अर्थ लावा. त्यासाठी कॅमेरा हवा, उजेडाची काळजी हवी, गणनेची ताकद हवी, आणि वेगळं यंत्र विकत घ्यायला गिऱ्हाईक तयार हवं. साउंडवेव्हच्या चौघांनी उलटीकडून सुरुवात केली. लोकांच्या घरात आधीच काय पडलंय? स्पीकर आणि माइक. मग तेवढ्यात काय कळू शकतं?

फाटकावरची गाडी आणि अर्धी श्रुती

रेल्वेच्या फाटकावर उभं राहून भोंगा वाजवत जाणारी गाडी कोणी ऐकली नाही? येताना चढा सूर, आपल्यासमोरून गेली की खाली घसरलेला. ख्रिस्तियान डॉपलरनं १८४२ मध्ये प्रागमध्ये हे तत्त्व मांडलं ते ताऱ्यांच्या रंगांसंबंधी. ध्वनीवर त्याची तपासणी १८४५ मध्ये नेदरलँड्समध्ये बाइस बॅलट यांनी केली. त्यांनी आगगाडीवर तुतारीवादक बसवले आणि रुळांशेजारी सुरांचा तयार कान असलेले लोक उभे केले. विज्ञानाच्या इतिहासात इतका वाजतगाजत झालेला प्रयोग दुसरा सापडणं कठीण.

गाडी ताशी १०० किलोमीटरनं जात असेल, तर येतानाचा आणि जातानाचा सूर यांत साधारण षड्जापासून कोमल गंधारापर्यंतचं अंतर पडतं. ते कोणालाही कळतं. पण लॅपटॉपपुढे हलणारा हात म्हणजे काही डेक्कन क्वीन नव्हे. हात सेकंदाला एक मीटर या वेगानं, म्हणजे चांगलाच झपकन, पुढे आला तरी किती फरक पडेल?

इथे एक गोष्ट आपल्या बाजूनं आहे. हात स्वतः आवाज करत नाही, तो स्पीकरचा आवाज परत फेकतो. आवाज हातावर आदळताना एकदा सूर चढतो, कारण ऐकणाराच पुढे येतोय. परत फेकला जाताना दुसऱ्यांदा चढतो, कारण आता तोच हात चालता उगम झाला. म्हणून फरक दुप्पट. हिशेब असा : हाताच्या वेगाची दुप्पट भागिले ध्वनीचा वेग, गुणिले सुराची वारंवारिता, म्हणजे सेकंदाला किती कंपनं (ती हर्ट्झमध्ये मोजतात). ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला आणि सूर २०,००० हर्ट्झचा घेतला, तर फरक येतो सुमारे ११७ हर्ट्झ. म्हणजे सहा-दशांश टक्क्याहूनही थोडा कमी. संगीताच्या भाषेत सांगायचं तर सर्वांत लहान मानल्या जाणाऱ्या प्रमाणश्रुतीच्याही निम्मा.

एवढी बारीक सरक कोण ऐकणार? यंत्र ऐकतं, कारण त्याला गाणं समजून घ्यायचं नसतं. त्याला एकच, अगदी शुद्ध, न हलणारा सूर दिलेला असतो. कोऱ्या भिंतीवर एक सरळ रेघ काढून ठेवल्यासारखा. त्या रेघेच्या वर किंवा खाली जरा जरी काही उमटलं तरी ते नजरेत भरतं.

चार हजार हर्ट्झची बोळ

हा सूर कुठला घ्यायचा, यात निवडीला फारशी जागा नव्हती. साध्या ध्वनियंत्रणेत सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात. त्यातून जास्तीत जास्त त्याच्या निम्म्या, म्हणजे २२,०५० हर्ट्झपर्यंतचाच आवाज पकडता येतो. ही झाली वरची भिंत. खालची भिंत आपले कान. पाठ्यपुस्तकात माणसाची श्राव्य मर्यादा २०,००० हर्ट्झ लिहिलेली असते, पण ती तरुण आणि तल्लख कानाची. वय वाढतं तशी ही मर्यादा खाली येते आणि बहुतेक प्रौढांना १८,००० च्या वरचं काही ऐकू येत नाही. म्हणून साउंडवेव्हनं १८ ते २२ किलोहर्ट्झ ही बोळ धरली.

बोळ अरुंद असली तरी शांत होती, आणि हे फार कामाचं ठरलं. गप्पा, रहदारी, मिक्सर, गाणी यांचा बहुतेक जोर खालच्या वारंवारितांत असतो. एमपीथ्रीत बांधलेल्या गाण्यातून तर सोळा हजारांच्या वरचा भाग बहुधा कापूनच टाकलेला असतो. त्यामुळे त्याच स्पीकरवर गाणं चालू ठेवूनही वर हा सूर वाजवता येतो आणि दोघांची गाठ पडत नाही. किल्ल्यांच्या जुडग्याचा खुळखुळाट मात्र या बोळीत घुसतो. धातूचे छोटे तुकडे एकमेकांवर आपटले की बऱ्यापैकी श्राव्यातीत, म्हणजे आपल्या कानांपलीकडचा, ध्वनी निघतो.

अडचण अशी की लॅपटॉपचे स्पीकर या कामासाठी घडवलेले नसतात. एखाद्या मॉडेलचा स्पीकर १९ हजारांवर खणखणीत वाजतो, दुसऱ्याचा तिथे आवाजच बसतो. म्हणून ही प्रणाली आधी पूर्ण पट्ट्यात एक फेरी मारून बघते. कुठल्या सुरावर आलेखातला सुळका उंच आणि एकटा उभा राहतो, कुठे हात न हलवताच खोट्या हालचाली दिसतात, हे तपासून त्या यंत्रापुरता सूर निवडते. तबलजी मैफिलीआधी तबला लावून घेतो, त्यातलाच प्रकार.

सुळका आणि त्याचा उतार

माइकनं पकडलेला आवाज २,०४८ नमुन्यांच्या तुकड्यांत घेतला जातो आणि फूरियेच्या गणितानं त्याची वारंवारितांमध्ये फोड होते. ४४,१०० भागिले २,०४८ म्हणजे एक कप्पा साधारण साडेएकवीस हर्ट्झ रुंदीचा. सेकंदाला एक मीटरनं येणारा हात ११७ हर्ट्झ सरकवतो, म्हणजे पाच-साडेपाच कप्पे. छान दिसतो. पण तोच हात सेकंदाला दहा सेंटिमीटरनं हळूच सरकवला, तर फरक अर्ध्या कप्प्याचा. तो मूळ सुळक्यातच बुडतो. एक अख्खा कप्पा ओलांडायला हातानं निदान सेकंदाला अठरा सेंटिमीटर गाठायला हवेत. मांजराच्या पावलांनी गेलात तर हा पहारेकरी झोपलेलाच राहतो.

कप्पे बारीक करायचे तर तुकडा मोठा घ्यायचा. ४,०९६ नमुने घेतले तर कप्पा पावणेअकरा हर्ट्झचा होतो, पण तेवढे नमुने गोळा व्हायला ४६ ऐवजी ९३ मिलिसेकंद लागतात. हात हलतो आणि पडदा मागून येतो. खेळात एवढा उशीर खुपतो. बारीक वेग हवा की चटकन उत्तर हवं, या दोहोंतलं एक निवडावं लागतं. नवा प्रोसेसर आणून ही ओढाताण सुटत नाही, कारण ती गणिताच्या मुळातच आहे.

दुसऱ्या टोकाला, हात जास्तीत जास्त किती वेगानं हलेल? लेखकांनी काही जणांना लॅपटॉपपुढे हात हलवायला लावून ढोबळ मोजलं, तर सर्वाधिक वेग सेकंदाला ३.९ मीटर आला. त्यांनी सढळपणे ६ मीटरची हद्द धरली. त्यातून निघतात सुळक्याच्या दोन्ही बाजूंना ३३ कप्पे. एवढ्याच पट्टीवर लक्ष ठेवायचं, बाकीचं सोडून द्यायचं.

आता खरी युक्ती. सुळक्याच्या शेंड्यावरून एकेका बाजूनं खाली उतरत जायचं आणि जोर मूळ सुळक्याच्या दहा टक्क्यांच्या खाली गेला की थांबायचं. जिथे थांबलो ती त्या बाजूची हद्द. हात जवळ येत असेल तर उजवा उतार लांबतो, दूर जात असेल तर डावा. मात्र हात फार झपाट्यानं गेला तर गंमत होते. त्याचा प्रतिध्वनी इतका दूर पडतो की मूळ सुळक्यापासून तुटून स्वतंत्र टेकाड तयार होतं आणि मध्ये खिंड राहते. आधीचा नियम खिंडीतच थांबेल आणि पलीकडचं टेकाड त्याला दिसणारच नाही. म्हणून पुढे चालत राहून मूळ सुराच्या तीस टक्के तरी जोराचं दुसरं टेकाड आहे का ते बघायचं. असेल, तर त्याच्याही पलीकडे उतरायचं.

हे वाचताना मला सगळ्यात आवडली ती टक्केवारी. जोराचा कुठलाही ठरावीक आकडा नाही, सगळं मूळ सुळक्याच्या प्रमाणात. त्यामुळे कोणाच्या लॅपटॉपचा आवाज मोठा असो की बारीक, नियम बदलत नाही. यात कुठेही यंत्राला हजारो नमुने दाखवून शिकवलेलं नाही. आज हाच प्रश्न कोणाला दिला तर आधी डेटा गोळा करायला धावाधाव होईल.

या एका उतारावरून पाच गोष्टी हाती येतात. सरक किती, त्यावरून वेग. कुठल्या बाजूला, त्यावरून दिशा. प्रतिध्वनीचा जोर किती, त्यावरून हात साधारण जवळ की लांब. तोच जोर हलणाऱ्या वस्तूच्या आकारानंही बदलतो, बोटापेक्षा तळवा जास्त आवाज परत फेकतो. आणि हे सगळं वेळेनुसार कसं बदललं. दोन हात उलटसुलट हलवले की दोन्ही उतार एकाच वेळी लांबतात, आणि एका हातानं असं करणं अवघडच, म्हणून ती खूण चांगली ओळखू येते.

भस्मासुराचा हात

इथवर भौतिकशास्त्र होतं. आता माणूस येतो आणि घोळ सुरू होतो.

हात पुढे नेला की मजकूर वर सरकतो असं ठरवलं. ठीक. पण पुढे नेलेला हात मागे आणावाच लागतो! मागे आणताना यंत्राला वाटतं, याला आता खाली जायचंय. कागदावर बोट फिरवताना आपण बोट उचलून परत आणतो आणि कागदाला ते कळत नाही. हवेत 'उचलणं' नावाची गोष्टच नाही. हात हवेत आहे तोवर बोलतोच आहे.

या क्षेत्रातले लोक याला मिडास राजाचा स्पर्श म्हणतात. आपल्याकडे भस्मासुर जास्त चपखल बसेल. ज्याच्यावर हात ठेवील ते भस्म, मग स्वतःचं डोकं खाजवायचीही चोरी. हाताची प्रत्येक हालचाल हुकूम झाली की चहाचा कप उचलणं, माशी हाकलणं, शेजाऱ्याला 'थांब जरा' म्हणणं हे सगळं हुकूमच होतं. आणि मराठी माणूस फोनवर बोलतानाही हातवारे करतो.

यावर उपाय म्हणजे आधी एखादी खास खूण करून 'आता माझ्याकडे लक्ष दे' असं सांगणं, आणि मगचेच हातवारे धरणं. गाडीत गिअर टाकण्याआधी क्लच दाबतो तसं. टिचकी मारल्यासारखी हालचाल त्याला बरी, कारण झटकन पुढे आणि झटकन मागे हा क्रम सहज घडत नाही. पण मग प्रत्येक कामाआधी एक जास्तीचं काम आलं, आणि शेजारी पडलेल्या टचपॅडवर तेच काम बोटाच्या एका घसरणीत होतं. हात हवेत धरून बसलं की दोन मिनिटांत खांदा भरून येतो, ते वेगळंच.

कॅमेऱ्याच्या पद्धतीत निदान एक सोय होती. हात स्थिर ठेवून पंजा उघडा-मिटा करून खूण देता येते. साउंडवेव्हला स्थिर हात म्हणजे भिंतच. हालचाल थांबली की सरक शून्य, आणि प्रतिध्वनी मूळ सुरात मिसळून जातो. शिवाय एका स्पीकर-माइकच्या जोडीला डावं-उजवं कळत नाही. हात डावीकडून उजवीकडे गेला काय किंवा उलट, तिला दिसतं ते आधी जवळ आला आणि मग लांब गेला, एवढंच. पान उलटायची आपली जी सर्वांत सहज खूण, नेमकी तीच इथे बहिरी.

मग जागाच का नाही मोजली?

हा प्रश्न योग्य आहे. वटवाघूळ मोजतं, पाणबुडीचं सोनार मोजतं. आवाज सोडायचा, परत यायला लागलेला वेळ मोजायचा, अंतर तयार. हात तीस सेंटिमीटरवर असेल तर जाऊन-येऊन साठ सेंटिमीटर, पावणेदोन मिलिसेकंद. ४४,१०० च्या गतीनं तेवढ्यात ७७ नमुने होतात. मोजता येईल असं वाटतं.

नाही येत, त्याच अरुंद बोळीमुळे. दोन प्रतिध्वनी वेगळे ओळखायचे तर वारंवारितांचा पट्टा रुंद लागतो. ध्वनीचा वेग भागिले पट्ट्याची दुप्पट, हा त्याचा ढोबळ नियम. पट्टा ४,००० हर्ट्झचा, म्हणजे उत्तर ४.३ सेंटिमीटर. याहून जवळच्या दोन गोष्टी एकमेकांत मिसळतात, हात आणि किबोर्ड, हात आणि दुसरा हात. त्यात स्पीकरचा थेट आवाज माइकवर सर्वांत आधी आणि सर्वांत जोरात आदळतो तो निराळाच. चौघांनी जो प्रश्न सोडून दिला, तो या यंत्रांना सरळ वाटेनं परवडणाराच नव्हता.

आडवाटेनं मात्र पुढच्यांनी तो सोडवला. २०१६ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधूनच फिंगरआयओ आलं, साउंडवेव्हवाले डेस्नी टॅन त्यातही होते. मोबाइल संपर्कात वापरली जाणारी सुरांची गुंफण त्यांनी ध्वनीत आणली आणि सलग प्रतिध्वनींमधल्या बदलावरून हलत्या बोटाची जागा सरासरी आठ मिलिमीटरच्या चुकीनं काढली. त्याच वर्षी चीनमधल्या नानजिंग युनिव्हर्सिटीच्या गटानं सुराची कला, म्हणजे लाटेचा चढ-उतार नेमका कुठवर आलाय, तेच मोजायला घेतलं. वीस हजार हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी १.७ सेंटिमीटर. हात त्याच्या निम्मा, साडेआठ मिलिमीटर सरकला की कला एक पूर्ण फेरा मारते. त्या फेऱ्याचे बारीक भाग वाचता आले की एका दिशेतली चूक साडेतीन मिलिमीटरवर येते. कप्प्यांच्या जाळीतून निसटणारी मांजराची पावलं इथे सापडली.

गंमत म्हणजे यांनीही हातवाऱ्यांचं राज्य आणलं नाही. अचूकता वाढली, भस्मासुर तिथेच राहिला.

पंखा, कुत्रा, पोरं

निबंध सिॲटलकडचा. आपल्याकडे हे यंत्र ठेवलं तर पहिला संशयित डोक्यावर फिरतोय. १,२०० मिलिमीटरचा छताचा पंखा मिनिटाला ३५० फेरे घेत असेल, तर पात्याचं टोक सेकंदाला २२ मीटर धावतं. हाताच्या हद्दीच्या तिपटीहून जास्त. तरी तो बहुधा सुटतो, असा माझा हिशेब. एक तर तो बरोबर डोक्यावर असला की पाती आडवी फिरतात, लॅपटॉपकडे येत नाहीत. दुसरं म्हणजे लहान वस्तूचा प्रतिध्वनी अंतराच्या चौथ्या घातानं मंदावतो. हात तीस सेंटिमीटरवर आणि पातं दोन मीटर चाळीसवर, म्हणजे अंतर आठपट आणि क्षीणता चार हजारपट. टेबलफॅनबद्दल मात्र मी पैज लावणार नाही.

कुत्र्याला ४५ हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला त्याहूनही वर. आपल्याला जी शांतता वाटते ती त्यांच्यासाठी अखंड चालू असलेली शिट्टी. लहान मुलांनाही १८-१९ हजार ऐकू येऊ शकतं. घरातली मोठी माणसं 'कसला आवाज? काही नाहीये' म्हणत राहतील आणि पोर कानावर हात ठेवून बसेल. सतत उघडा असलेला माइक ही आणखी एक गोष्ट. २०१२ मध्ये तिच्याकडे लोकांचं तितकं लक्ष नव्हतं. सूर वाजवून प्रतिध्वनी मोजणारा प्रोग्राम खोलीतलं बोलणंही ऐकू शकतो, आणि 'मी फक्त १८ हजारांच्या वरचंच बघतो' यावर विश्वास ठेवायला वापरणाऱ्याकडे शब्दापलीकडे काही नसतं.

काय उरलं

टेट्रिस मागे पडलं. प्रात्यक्षिकात ज्याच्याकडे सर्वांत कमी लोकांनी पाहिलं असेल ते टिकलं, माणूस आला की जागं व्हायचं आणि गेला की झोपायचं.

२०१६ मध्ये शाओमीनं मी मिक्स हा जवळपास बिनकाठाचा फोन काढला. फोन कानाला लावला की पडदा बंद करणारा अवरक्त सेन्सर बसवायला वरती जागाच उरली नव्हती. तिथे नॉर्वेच्या एलिप्टिक लॅब्जचं श्राव्यातीत ध्वनीचं तंत्र वापरलं गेलं. गूगलच्या नेस्ट हब (पडद्यावाला) आणि नेस्ट मिनी या घरगुती स्मार्ट स्पीकरांत तेच नातं दिसतं. मिनीजवळ हात नेला की आवाजाच्या खुणांचे दिवे उजळतात. हबपासून लांब असाल तर मोठी अक्षरं, जवळ आलात की बारीक तपशील. इथे माणसानं काही हुकूम द्यायचा नसतो, आणि यंत्र चुकलंच तर नुकसान एखादा दिवा उगाच लागण्यापुरतं. भस्मासुराला मोहिनी भेटते ती इथे. 'हात कुठे आहे' न विचारणाऱ्या यंत्राला 'काय करायचंय' हेही विचारायला लावलं नाही, तेव्हा ते घरात रुळलं.

रडारवाल्यांचा अनुभव शेजारी ठेवण्यासारखा आहे. गूगलनं २०१९ च्या पिक्सेल ४ मध्ये हातवारे ओळखणारं सोली हे चिमुकलं रडार बसवलं. ते ६० गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालायचं आणि त्या पट्ट्याला भारतात मोकळीक नव्हती, म्हणून तो फोन भारतात विकायलाच आला नाही. १९ किलोहर्ट्झच्या आवाजाला कुणाचा परवाना लागत नाही. लीप मोशनचं पुढे काय झालं? २०१९ मध्ये ती ब्रिस्टलच्या अल्ट्राहॅप्टिक्सनं विकत घेतली. ही कंपनी श्राव्यातीत ध्वनीच्या झोतानं हवेतल्या हाताला स्पर्शाचा भास करून द्यायची. कॅमेऱ्यानं हात बघणारी कंपनी आवाजानं हाताला शिवणाऱ्या कंपनीच्या घरात नांदायला गेली.

घरी बघायचं असेल तर

लॅपटॉपवर ऑडॅसिटी हा फुकटचा प्रोग्राम घ्या. त्यात १९,००० हर्ट्झचा एक मिनिटाचा सूर तयार करा आणि तो वाजत असतानाच दुसऱ्या पट्टीवर रेकॉर्डिंग चालू करा. हेडफोन काढा. आवाज अर्ध्यावर ठेवा. आपल्याला ऐकू येत नाही म्हणून तो वाढवत नेऊ नका, स्पीकर बिचारा ओरडतच असतो. माइकची गोंगाट कमी करणारी सोय चालू असेल तर ती बंद करा, नाहीतर तुमचा सूर 'गोंगाट' समजून पुसला जाईल. वाजत असताना हात सात-आठ वेळा माइककडे न्या आणि मागे घ्या.

मग रेकॉर्डिंग स्पेक्ट्रोग्रामच्या, म्हणजे कुठल्या क्षणी कुठल्या वारंवारिता वाजल्या ते दाखवणाऱ्या चित्राच्या, रूपात उघडा आणि १८,५०० ते १९,५०० एवढाच भाग मोठा करून बघा. मधोमध एक झळझळीत आडवी रेघ असेल आणि तिला वर-खाली फुटलेले कोंब दिसतील, येताना वर, जाताना खाली. खिडकीचा आकार (विंडो साइझ, म्हणजे एका तुकड्यातले नमुने) २,०४८ वरून ८,१९२ केलात तर कोंब बारीक होतील, पण आडवे पसरतील. काहीच दिसलं नाही तर सूर १८,००० वर आणून बघा, तुमच्या स्पीकरला वरची पट्टी झेपत नसेल.

ते जमलं की शेवटचं एक करा. हात लॅपटॉपपासून तेवढ्याच अंतरावर ठेवून, न लांब न जवळ, त्याच्याभोवती अर्धवर्तुळात फिरवा. हव्या तेवढ्या वेगानं. रेघ जवळजवळ तशीच सरळ राहते.